जिनातला आगलाव्या

जिनाच्या फाटकावर तो पहिल्यांदा माझं तोंड हुंगायला पुढं आला, तेव्हा मी त्याच्या थोबाडीतच ठेवून देणार होते. कामाचा पहिला दिवस, कडेवर पाच महिन्यांची लेक, डोक्यावर भाकरीचं गठुडं, आणि हा पिकल्या दाढीचा माणूस नाक पुढं काढून म्हणतोय, "आ कर."

"कावून?" मी विचारलं.

"जाळाचा वास येतोय तुझ्या तोंडाला."

"मिसरीचा हाय त्यो. तव्यावर भाजलेली तंबाखू."

त्यानं डोळे मिटून आणखी एकदा हवा ओढली. "भाजून झालेली चालती," तो म्हणाला, "भाजत असलेली न्हाई चालायची. जा आत."

मागच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. त्यांना रोजचं होतं ते.

तो आमचा मेस्तरी. दिंद्रुडच्या शिवारात, माजलगावच्या वाटेला, एका शेठजीनं कापसाचं जिन टाकलं होतं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात ओळीनं चरकं, एकेका चरकापाशी एकेक बाई. आम्ही हातानं कापूस भरवायचा, चरकानं सरकी एका अंगाला पाडायची आणि रुई दुसऱ्या अंगाला. सगळी चरकं फिरवणारं इंजिन बाजूच्या खोलीत. ते इंजिन सांभाळायला मेस्तरीला बीडहून आणलेलं. घरचे पिढीजात लोहारकामाचे, आणि हा तरुणपणी हैदराबादेकडं गिरणीत राहून आलेला. इंजिन सांभाळणं एवढंच त्याचं काम. पण इंजिनाकडं त्याच्या हाताखालचा माणूस बघायचा आणि मेस्तरी दिवसभर जिनात आग हुडकत फिरायचा. ती कुठं लागलेली नसायची, म्हणून त्याला जास्तच घोर.

बाया त्याला पाठीमागं आगलाव्या म्हणायच्या. तोंडावर मेस्तरी.

आगलाव्या म्हणायचं कारण असं, की अंगणातल्या लिंबाला त्यानं रुळाचा एक तुकडा टांगला होता, आणि मनात येईल तेव्हा तो हातोडा घेऊन तो तुकडा बडवायचा. बडवला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून ठरलेल्या जागी जायचं. बाप्यांनी विहिरीपासून शेडपर्यंत रांग धरून बादल्या पुढं सारायच्या, बायांनी शेडीतून भायेर पडायचं. बडवायची वेळ त्यानं कधी सांगितली नाही. आणि ती वेळ नेमकी भाकरीवर पहिलं बेसन वाढलेलं असायचं तेव्हाचीच असायची. भाकरी तशीच टाकून जावं लागायचं. परत येईस्तोवर त्या बेसनावर कावळ्यांनी हात मारलेला. शिव्या देत परत यायचो, तर हा दारात उभा. "चाल बघा ह्यांची. म्हशी डोहातून निघताना बऱ्या."

"आग कुठं हाय, मेस्तरी?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"येणार हाय," तो म्हणायचा, पाहुणा यायचा असल्यागत.

कापसाच्या आगीचा धडा त्यानं मला दिला तो फाटकाबाहेर, ओढ्याच्या वाळूत. आत काडी ओढायची सोय नव्हती, म्हणून त्याची सगळी शाळा ओढ्यात भरायची. त्यानं मूठभर कापूस दाबून दाबून गच्च गोळा केला, आत निखाऱ्याचा एक कण ठेवला, वरून पुन्हा कापूस दाबला आणि गोळा माझ्या हातात दिला.

"काय दिसतंय?"

"कापूस."

"ऊन लागतोय का?"

"न्हाई."

मग तो दुसरंच बोलत बसला. माहेर कुठलं, तर मी म्हणलं कड्याचं. मग तिकडची ज्वारी कशी, सासू कशी, सगळं विचारून झालं. मलाही वाटलं, बरा दिसतोय की माणूस बोलायला. मग एकदम म्हणाला, "आता उघड." मी गोळा उघडला तर आत काळंकुट्ट भोक, आणि वारं लागल्याबरोबर त्यानं भक्कन पेट घेतला. मी गोळा फेकून दिला आणि वाळूत बसकण मारली.

"भेलीस?"

"हौ."

"बास. कापसाची आग तुझ्या सासूसारखी न्हाई, लगी बोंबलायला. ती गप बसती, आतून खात ऱ्हाती. जळक्या ढिगाला हात घालून उघडायचं न्हाई. वारं मिळालं की संपलं. कापूस शेठचा हाय, जळू दे. आपुन निघायचं."

शेठ शेजारी उभा असतानाही तो हे असंच म्हणायचा. शेठचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

लुगड्याचा धडा तर सगळ्या पंचक्रोशीत गाजला. बाईचं लुगडं पेटलं की बाई पळती, पळाली की वारं लागतं, वारं लागलं की बाई जळती, तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, हे त्याला आम्हांला शिकवायचं होतं. सांगून कुणाच्या डोक्यात शिरेना. मग त्यानं घरून चाचीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, जुनं लुगडं आणलं, पायजम्यावरनं कमरेला गुंडाळलं, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस आमच्यासमोर धुळीत पार या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळला. दाढीत माती, टोपी एकीकडं. आम्ही हसून हसून मेलो. तेवढ्यात मुनीमजी कामानिमित्त आले. त्यांनी लोळणारा मेस्तरी बघितला, आमच्याकडं बघितलं आणि आल्या पावली परत गेले. मेस्तरी उठला, टोपी झटकली. "हसा," म्हणाला, "पन लोळून दावा." मग प्रत्येकीला लोळायला लावलं. म्हातारीकोतारीलाही सोडलं नाही.

त्याला कुणाचीच भीड नव्हती. दसऱ्याला इंजिनाची पूजा करायची शेठच्या घरची चाल. भटजी निरांजन घेऊन आले तर हा फाटकात आडवा. "दिवा भायेर." भटजी म्हणाले, दिव्याशिवाय पूजा कशी? हा म्हणाला, "पूजा आत, दिवा भायेर. तुमी दोगं वेगळं व्हा." शेवटी भटजींनी फाटकाबाहेर उभं राहून लांबूनच इंजिनाच्या दिशेनं आरती ओवाळली, आणि आत आम्ही हळदकुंकू वाहिलं. देवळाकडची माणसं चिडली. पुढल्याच आठवड्यात एक फकीर लोबानाचं धुपाटणं घेऊन दुवा द्यायला आला, तर त्यालाही यानं फाटकातूनच परत लावलं. मग मशिदीकडची माणसं चिडली. "दोनी बाजू नाराज हायेत," तो चाचीला म्हणाला म्हणे, "म्हंजी बंदोबस्त बराबर हाय."

एकदा बीडहून कुणी बडा अंमलदार जिन बघायला आला. शेठनं पायघड्या घातल्या होत्या. अंमलदाराच्या तोंडात चिरूट. मेस्तरी पुढं झाला, लवून आदाब केला, आणि त्याच हातानं त्याच्या ओठांतला चिरूट काढून बादलीत बुडवला. चुर्र झालं.

"हुजूर," मेस्तरी म्हणाला, "ह्या फाटकाच्या आत खुद्द सरकार आले तरी त्यांचा चिरूट भायेर ऱ्हाईल."

शेठनं त्याच दिवशी त्याला हाकलला असता. पण अंमलदार मोठ्यानं हसला आणि म्हणाला, असा माणूस आमच्या दफ्तरात पाहिजे होता. मग काय, शेठही हसला. पाहुणे गेल्यावर त्यानं मेस्तरीला जे झापलं ते आम्ही शेडीतनं ऐकलं. मेस्तरी सगळं ऐकून घेत होता आणि बोटानं बादलीतल्या चिरुटाचे तुकडे गोळा करत होता, पाणी घाण झालं म्हणून.

नारायणगडच्या जत्रेला एक वर्ष आम्ही गाडी जोडून निघालो, तर हाही आला. चाचीनं हौसेनं पाठवला होता, जरा चार माणसांत हिंडून ये म्हणून. तर यानं जत्रा बघितलीच नाही. सगळा दिवस जिलेबीवाल्यांच्या भट्ट्या कापडाच्या पालांपासून लांब सरकवण्यात घालवला. दुकानदारांना वाटलं सरकारी माणूस आहे. त्यांनी भट्ट्या सरकवल्या, वर याला जिलेबी बांधून दिली. संध्याकाळी गाडीत बसताना तो लई खुशीत होता. "चांगली व्हती जत्रा," म्हणाला.

लोकांना वाटायचं, याचं काहीतरी जळालेलं असणार. कुणी म्हणायचं हैदराबादेत पहिली बायको जळाली, कुणी म्हणायचं भाऊ. मी एकदा सरळ चाचीलाच विचारलं. तिनं कपाळाला हात लावला. "काई जळालं न्हाई गं त्यांचं. जल्मापासून असेच हायेत. माझी चूल इझली का, हे बघायला तीनदा उठतात. राखेत पानी वततात. सकाळी मी राख काढू का चिखल?" मग मी त्यालाही विचारलं. तर तो माझ्याकडं असा बघत राहिला जसं काही मीच येडी. "जळल्यावर शिकायचं असतं का?" एवढंच म्हणाला.

पुढं तो आमच्याकडचं सोडून परळीच्या अंगाला दुसऱ्या जिनात गेला, आणि तिकडंच म्हातारा होऊन वारला असं कानावर आलं. मला अजून त्याच्यासारखं होतं. घरात कुणी काडी ओढली की माझं नाक आधी जागं होतं. सुना हसतात. हसू द्यात.

पण त्याच्या सगळ्या येडेपणातला खरा येडेपणा राहिलाच. तो झोळ्यांचा.

आम्ही अंगावर पाजणाऱ्या बाया लेकरं कामावरच आणायचो. आधी जिच्या तिच्या चरकापाशीच खांबाला झोळी बांधायची, नाहीतर लेकरू सरळ कापसाच्या ढिगावर निजवायचं. त्याच्यासारखी गादी राजाच्या घरीही नसेल. मेस्तरीनं ते बंद केलं. शेडीला लागून एक अरुंद पडवी होती, तिच्यात आडव्या वाशाला ओळीनं झोळ्या बांधायला लावल्या. एक म्हातारी राखणीला ठेवली. पडवीला दार एकच, अंगणात उघडणारं. दुसरं दार फोडा म्हणून तो शेठच्या मागं लागला होता, पण शेठ म्हणाला, दोन दारं झाली की चोरांची सोय झाली. एकाच दारावर भागवायचं ठरलं.

मग त्यानं रूळ बडवून बघितला. आम्ही सगळ्या आया शेडीतून सुटलो ते थेट पडवीच्या दारात अडकलो. जी ती आपलं लेकरू हुडकतेय. जिची झोळी दाराजवळ, ती तिथंच थांबून लेकरू काढतेय आणि मागच्या तिच्या पाठीवर आदळतायत. एक तर झोळी घेऊन बाहेर पळाली, उघडून बघतेय तर आत भाकरीचं गठुडं. लेकरं भोकाड पसरलेली. मेस्तरीनं आम्हांला दारात तसंच उभं ठेवलं.

"मेली," तो म्हणाला, "सगळी मेली. समदी लेकरं मेली आन् तुमीबी."

असं अभद्र बोलतात का कुणी? बाया भांडायला उठल्या. त्यानं ऐकून घेतलं आणि आपला नियम सांगितला. आत भिंतीच्या कडेनं जायचं, झोळ्यांच्या कडेनं परत यायचं. जी पहिली शिरेल तिनं अगदी शेवटची झोळी घ्यायची, दुसरीनं तिच्या अलीकडची, असं करत करत जी सगळ्यांत मागं असेल तिनं दाराजवळची. कुणाचं लेकरू आहे ते बघायचं नाही. आपलं हुडकायचं नाही. हाताला येईल ते उचलायचं आणि फाटकाबाहेर जायचं.

हे त्यानं सांगितलं आणि अंगण गार पडलं.

कारण आम्ही काही एका आळीच्या नव्हतो. मोमीन वस्तीतल्या होत्या, माळ्याच्या होत्या, आम्ही पाटलाच्या भावकीतल्या होतो, आणि गावकुसाबाहेरच्याही होत्या. पाण्याचे रांजण वेगळे, भाकरी खायच्या जागा वेगळ्या. शेडीत चरकं एकच, पण सावली बघून बसायचं. आणि हा म्हणतो कुणीही कुणाचं लेकरू उचला.

माझं तर त्याहून वेगळं होतं. माझी दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. ही तिसरी, ही टिकली. तिला सटवाईनं ओढून नेऊ नये म्हणून सासूनं कमरेला काळा दोरा बांधला होता, आणि त्या दोऱ्याची दुसरी गाठ रोज सकाळी झोळीला मारून पाठवायची. जागेला बांधलेलं लेकरू जात नाही, असं ती मानायची. मीही मानायची. खरं सांगते, तेव्हा कुणी सांगितलं असतं की लेकीला दगडाला बांध, तर मी बांधली असती. मी मेस्तरीला स्पष्ट सांगितलं, "माझी लेक कुनी उचलायची न्हाई."

"मग कामाला येऊ नको."

"येनार. आन् लेकीलाबी आननार."

"मग कुनीतरी उचलंल," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या खेपेला रूळ वाजला तेव्हा पडवीत माझ्या डोळ्यांदेखत पारूनं माझी झोळी धरली. पारू गावकुसाबाहेरची, माझ्याच वयाची, मांडीवर पहिला मुलगा. मी ओळ मोडून पुढं झाले आणि लेकीला तिच्या हातातून ओढली. ओळ तुंबली. पारू रागावली नाही. म्हणाली, "घे बाई तुजी. माजा तिकडं त्या टोकाला रडतोय. तू हितं अडून बसलीस, त्येला आता कोन आनायचं?"

मी लेकीला पोटाशी धरून बाहेर आले. मी काही चुकले असं तेव्हा वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही. पण तिचा मुलगा तिकडं रडत होता हे खरं.

ही गोष्ट सासूच्या कानावर जायची ती गेलीच. ती म्हणाली, त्या हातांनी उचललेली पोर मी घरात घेणार नाही, तूही तिकडंच राहा. झालं. आता कामावर मेस्तरी आणि घरी सासू. दोघांच्या मध्ये माझं सरकीसारखं झालं. मेस्तरीला हे कळलं तसा तो एका सकाळी आमच्या दारात येऊन ओट्यावर बसला. सासू उंबऱ्याच्या आत उभी.

"मावशी, ती झोळीची गाठ बांधू नका," तो म्हणाला. "यळंला सुटायची न्हाई."

"सुटू नये म्हनूनच बांधलीया."

"आन् लेकरू कुनीबी उचलू द्या."

"आमची नात कुनाच्याबी हातात द्यायला ती वाटंवर पडलीया का?"

"मग आगीच्या हातात द्यायची हाय का?"

सासूनं आतून दार लावलं. मेस्तरी उठून गेला. जाताना आमच्या चुलीचा धूर पाचटाच्या छपराकडं जातो हेही सांगून गेला.

पण त्यानं बडवणं सोडलं नाही. काही बायांनी काम सोडलं, दोघी-तिघी परत आल्या. शेठकडं गावातून माणसं गेली, शेठनं मेस्तरीला समज दिली, मेस्तरीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रूळ बडवला. हळूहळू काय झालं कळलं नाही, पण आमच्या पायांना ते लागलं. हातात कुणाचंही लेकरू यायचं, फाटकाबाहेर गेलं की जिचं तिला द्यायचं, आणि घरी याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सगळ्या आळ्यांच्या बायांनी न ठरवता हे ठरवून टाकलं होतं. मीही करायला लागले. गाठ मात्र सासू रोज बांधायची आणि मी सोडायची नाही.

आणि मग संक्रांतीच्या आधी, एका दुपारी, चांगलं वारं सुटलेलं असताना रूळ वाजला.

"आला आगलाव्या," माझ्या शेजारची म्हणाली. आम्ही नुकती भाकरी सोडली होती. एकीनं चटणीवर तेल घेतलं होतं, तिनं ते झाकून ठेवलं, परत येऊन खायला. आम्ही कुरकुरत उठलो. माझं चरक दाराजवळ, म्हणून मी पहिली. मेस्तरी नेहमीच्या जागी उभा, नेहमीच्या आवाजात, "चला, चला, लगनाला निघालाय का?" मी पडवीत शिरले, भिंतीच्या कडेनं टोकाला गेले, शेवटच्या झोळीतलं लेकरू काढलं, झोळ्यांच्या कडेनं परत आले. येताना दाराजवळ टांगलेल्या माझ्या लेकीच्या झोळीवरून गेले. ती जागी होती. माझ्याकडं बघून तिनं पाय उडवले. मी तिला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम, आणि चटणी सुकत होती.

फाटकाबाहेर येऊन वळून बघितलं तेव्हा शेडीच्या त्या टोकाच्या पत्र्याखालून धूर निघत होता.

कुणा शेतकऱ्याच्या कापसातून आलेली गारगोटी चरकात सापडली होती आणि ठिणगी उडाली होती. वाशांवर साचलेल्या रुईच्या तुसावरून जाळ पळत होता. आमच्यातल्या एकीलाही हे ठाऊक नव्हतं. मेस्तरीनं ठाऊक होऊ दिलं नव्हतं. तो रोजच्यासारखा खेकसत राहिला आणि आम्ही रोजच्यासारख्या रांगेत चालत राहिलो.

माझ्या हातात मोमीन वस्तीतलं एक पोर होतं, ते किंचाळत होतं. बाया एकेक करून येत होत्या, पदराखाली कुणाकुणाची लेकरं. मी एकेकीचा पदर बाजूला करून बघत होते. माझी कुणाकडंच नव्हती. मी आत धावले तर मेस्तरीनं फाटकात माझं मनगट धरलं. तो लेकरं मोजत होता.

"सोडा," मी म्हणाले, "माझी आत हाय."

"एक कमी हाय, ठावं हाय मला. उभी ऱ्हा."

"मेस्तरी, पाया पडते."

"तू आत गेलीस की दोन कमी," तो म्हणाला. त्यानं सोडलं नाही. मी त्याच्या हाताला चावले. तरी सोडलं नाही.

पडवीचं छप्पर पेटलं तेव्हा पारू दारातून बाहेर आली. केस भुरभुर जळालेले, खोकत होती, पोटाशी माझी लेक. मेस्तरीनं शेवटचा आकडा म्हणला आणि माझं मनगट सोडलं. मी होते तिथं बसले, आणि मांडीवरचं पोर रडतच होतं म्हणून त्याला पाजायला घेतलं. पारू माझ्यासमोर बसली. लेक तिच्या अंगावर तोंड मारत होती, तिनंही तेच केलं.

पारूचं चरक अगदी टोकाचं. आम्ही भाकरी सोडली तेव्हा ती अजून कापूस भरवत होती, आणि ठिणगी तिच्या शेजारीच पडली होती. सगळ्यांत आधी तिनं बघितलं होतं. मेस्तरी तिला म्हणाला होता, "बोलू नको. चाल." आणि ती चालली होती, सगळ्यांच्या मागं, स्वतःचा मुलगा कुणाच्या हातात पडेल हे न बघता. तिचा मुलगा शेजारच्या बाईच्या कडेवर मजेत अंगठा चोखत होता.

धूर बघून गाव पळत आलं. सासू सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर पदर नाही. तिनं माझ्या मांडीवर बघितलं, तिथं दुसऱ्याचं पोर. मग तिनं समोर बघितलं. भोवतीचे सगळे लोक तिच्याकडं बघत होते.

पारूनं लेकीला बाजूला करायचा प्रयत्न केला. लेक सोडेना.

"गाठ निघंना, मावशी," पारू म्हणाली, "दातानं तोडली. दोरा तिथंच ऱ्हायला."

सासू पुढं झाली. ती पारूशेजारी धुळीत बसली, तिच्या खांद्याला खांदा लावून. मागं पत्रे कोसळत होते, वारं भणाणत होतं. तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर उलगडला, पारूच्या उघड्या खांद्यावरून ओढून घेतला आणि दोघींना झाकलं.

"पिऊ दे तिला," ती म्हणाली. "नीट झाकून घे. वारं लागंल तुला."